घरगुती इंग्लिश ब्राउन एल : रंगापेक्षा भाजणी महत्त्वाची

गोदाकाठ (धागाकर्ती) :

मी मूळची नाशिकची. २००७ ते २०१५ या काळात आमचे बिऱ्हाड इंग्लंडच्या ईशान्येला, टाइन नदीच्या दक्षिण काठावरच्या गेट्सहेडमध्ये होते आणि पलीकडच्या काठावर न्यूकॅसल होते. त्या भागात ब्राउन एल, म्हणजे तपकिरी रंगाची बीअर, हे घरादारातले पेय आहे. मोठी बाटली मागवायची आणि लहान पेल्यात थोडी थोडी ओतून घेत संपवायची, अशी तिथली रीत. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ आपल्या गॅरेजमध्ये दर महिन्याला एक घाणा घालत असत. त्यांच्याकडे पाहून मी शिकले आणि परत येईपर्यंत साठाच्या आसपास घाणे मी स्वतः घातले. इंग्लंडमध्ये घरी स्वतःपुरती बीअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ सालीच रद्द झाला असल्यामुळे तिथे हा छंद उघडपणे करता येतो. विक्री मात्र करता येत नाही.

नाशिकमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करता येत नाही, मग ती घरच्या स्वयंपाकघरात आणि विक्रीचा कोणताही हेतू न ठेवता केली तरीही. त्यामुळे इथे आल्यापासून मी एकही घाणा घातलेला नाही. हा धागा, जिथे कायद्याने मुभा आहे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आणि ज्यांना या पेयाची घडण समजून घ्यायची आहे त्यांच्यासाठी आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्यावाचून पाककृतीचा अर्थ लागत नाही. जुन्या काळी माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेला जव, लाकडाच्या जाळावर सुकवत असत. त्यामुळे तो तपकिरी होई आणि त्याचे पेयही तपकिरी होई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्यनिर्मात्यांच्या हाती द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर आला आणि त्यांच्या लक्षात आले की तपकिरी माल्टमधून फिकट माल्टच्या मानाने साखर बरीच कमी उतरते. हिशेब कळल्यावर सर्वांनी फिकट माल्टची कास धरली. १८१७ साली डॅनिएल व्हीलर यांनी माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले. तेव्हापासून साखरेसाठी फिकट माल्ट आणि रंग-चवीसाठी मूठभर भाजलेला माल्ट अशी विभागणी रूढ झाली. मधल्या काळात ब्राउन एल जवळजवळ विस्मरणात गेली होती. ती नव्या रूपात परत आली १९०२ साली, लंडनच्या पूर्व भागातील मॅन कंपनीच्या बाटलीबंद ब्राउन एलमुळे. ती गोडसर आणि सौम्य होती. उत्तरेकडची न्यूकॅसल ब्राउन एल १९२७ साली बाजारात आली. ती अधिक कोरडी, सुक्यामेव्याच्या चवीची आणि ४.७ टक्के मद्यार्काची. मी ज्या प्रकाराबद्दल लिहिणार आहे तो हा उत्तरेकडचा.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. न्यूकॅसल ब्राउन एलला २००० साली युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले होते. पुढे उत्पादन न्यूकॅसल शहरातून नदीपलीकडे गेट्सहेडला हलवावे लागले आणि ते नाव शहराच्या हद्दीशी बांधलेले असल्यामुळे २००७ साली ते संरक्षण रद्द झाले. आम्ही पोहोचलो ते नेमके त्याच वर्षी. २०१० मध्ये उत्पादन तिथूनही हलले आणि यॉर्कशायरमधल्या टॅडकॅस्टरला गेले. त्या दिवसांत आमच्या गल्लीतली वडीलधारी माणसे याविषयी ज्या जिव्हाळ्याने बोलत, ते ऐकताना मला आपल्या नाशिकच्या द्राक्षांची आठवण होत असे.

आता मुख्य मुद्दा. नवशिके ब्राउन एलचा विचार रंगापासून सुरू करतात. मीही तेच केले आणि पहिलाच घाणा वाया घालवला. २० लिटरला ४०० ग्रॅम चॉकलेट माल्ट घातला होता. (यात चॉकलेट नसते, रंगामुळे पडलेले नाव आहे.) पेय दिसायला सुंदर झाले आणि चवीला तव्यावर विसरलेल्या बाजरीच्या भाकरीसारखे. शेजारच्या काकांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि मला विचारले की धान्य कोणकोणते आणि किती वापरलेस. त्यांचा तो प्रश्न ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आईची थालीपिठाची भाजणी आली. भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे हे सगळे आपण एकत्र भाजत नाही. प्रत्येकाची आच वेगळी आणि वेळ वेगळी, आणि धणे जास्त झाले की सगळ्या भाजणीवर तेच बसतात. ब्राउन एलचे धान्य अगदी असेच जमवावे लागते.

माझे स्थिरावलेले प्रमाण २० लिटरसाठी असे आहे. मॅरिस ऑटर जातीच्या जवाचा फिकट माल्ट ३.८ किलो, मध्यम रंगाचा क्रिस्टल माल्ट ३५० ग्रॅम, ब्राउन माल्ट २०० ग्रॅम आणि चॉकलेट माल्ट १२० ग्रॅम. फिकट माल्ट हा पाया आहे. स्टार्चची साखर करणारी विकरे (एन्झाइम) त्याच्यातच जिवंत असतात. गडद भाजलेल्या माल्टमधली विकरे भाजताना मरून गेलेली असतात. क्रिस्टल माल्टची गंमत अशी की तो ओला असतानाच ६५ ते ७० अंशांवर ठेवतात, दाण्याच्या आतच साखर तयार होते आणि मग तो भाजला की ती साखर दाण्यातच कॅरामल होते. दाणा दाताखाली फोडून पाहा, आत काचेसारखा कडक आणि खडीसाखरेसारखा लागतो. काळ्या मनुकांची आणि कॅरामलची चव यातून येते. भाजलेल्या पावाच्या कडेचा स्वाद देतो तो ब्राउन माल्ट. चॉकलेट माल्टचे काम रंग आणि शेवटचा किंचित कोरडेपणा, एवढेच.

धान्य भरड दळायचे. पीठ होता कामा नये, कारण गाळताना फोलपटांचाच थर गाळणीचे काम करतो. साधारण ११ लिटर पाणी ७४ अंशांपर्यंत तापवून त्यात धान्य मिसळले की मिश्रण ६७ अंशांवर येते. ही आकडेमोड धान्य २० अंशांचे आहे असे धरून केलेली आहे. मिश्रण झाकून, गोधडीत गुंडाळून तासभर ठेवायचे. ६३-६४ अंशांवर ठेवले तर यीस्टला पचणारी साखर जास्त होते आणि पेय पातळ व कोरडे लागते. ६९-७० वर न पचणारी साखर जास्त उरते आणि पेय जड होते. ब्राउन एलसाठी ६६-६७ हा मध्य मला मानवला. नंतर रस गाळून घ्यायचा आणि ७५ ते ७८ अंशांच्या १८ लिटर पाण्याने धान्य सावकाश धुवायचे. ८० च्या वर पाणी गेले तर फोलपटांचा तुरटपणा उतरतो.

हा गोड रस, म्हणजे वॉर्ट, तासभर उकळायचा. उकळी फुटल्यावर ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल या जातीचे ३५ ग्रॅम हॉप्स (एका वेलीची कडू, सुगंधी फुले) आणि शेवटची १० मिनिटे राहिली असताना आणखी १५ ग्रॅम. हे प्रमाण ५ टक्के अल्फा आम्लाच्या (कडवटपणा त्यातूनच येतो) हॉप्ससाठी आहे. या जातींना मातीचा, गवताचा, किंचित मधाचा गंध असतो आणि तो भाजलेल्या धान्याशी भांडत नाही. अमेरिकी हॉप्सचा मोसंबीसारखा वास इथे नको. उकळून झाले की वॉर्ट शक्य तितक्या लवकर १८ अंशांवर आणायचा, हवेशी घुसळायचा आणि इंग्लिश एल यीस्टचे ११ ग्रॅमचे पाकीट सोडायचे. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या मानाने रसाची घनता; साखर जास्त तितकी ती जास्त) १.०४८ च्या आसपास आणि शेवटची १.०१२ मिळाली तर मद्यार्क ४.७ टक्क्यांच्या जवळ येतो.

द्राक्षमळा :

धागा अतिशय आवडला. मी दिंडोरीजवळच्या एका वायनरीत तळघराचे काम पाहतो. आमच्या कामाशी तुलना करताना जाणवलेला फरक लिहितो. द्राक्षात साखर वेलीवरच तयार होते. आम्ही तोडणीच्या दिवशी ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे प्रमाण, मोजतो आणि साखरेचा प्रश्न तिथेच संपतो. जवात मात्र स्टार्च असतो आणि साखर करण्याचे काम माणसाला करावे लागते, म्हणून मॅश, म्हणजे धान्य गरम पाण्यात मुरवत ठेवणे, ही पायरी आमच्याकडे नाहीच. आम्ही रस उकळतही नाही. त्यामुळे आमच्याकडे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला सगळे केएमएस म्हणतात, ते जंतूंना रोखण्यासाठी लागते. तुमच्याकडे उकळीने ते काम होत असेल, तर केएमएसचा काही उपयोग असतो का?

गोदाकाठ :

असतो, पण वेगळ्या कामासाठी. नळाच्या पाण्यातले क्लोरीन किंवा क्लोरामाइन माल्टमधल्या फेनॉलशी जुळले की क्लोरोफेनॉल तयार होते आणि त्याची चव दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या वासासारखी लागते. अगदी सूक्ष्म प्रमाणातही ती कळते आणि नंतर कशानेही जात नाही. क्लोरीन उकळून उडून जाते, क्लोरामाइन सहज जात नाही. इंग्लंडमध्ये याच केएमएसच्या कॅम्पडेन नावाच्या गोळ्या मिळतात. घाण्याच्या सगळ्या पाण्याला मिळून अर्धी गोळी पुरते आणि परिणाम काही मिनिटांत होतो.

पाण्याबद्दल आणखी एक. पाण्यात सल्फेट जास्त असले की हॉप्सचा कडवटपणा टोकदार होतो. बर्टन गावच्या फिकट एलची ख्याती त्या पाण्यावरच उभी आहे. ब्राउन एलला त्याच्या उलट हवे. थोडे कॅल्शियम क्लोराइड घातले तर माल्टची चव भरीव होते.

पाटावरवंटा :

मद्याशी माझा संबंध नाही, पण माल्टची कृती वाचून आमच्या घरच्या नाचणीच्या सत्त्वाची आठवण झाली. आम्ही नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, सावलीत सुकवतो आणि हलकी भाजून दळतो. बाळाच्या खिरीत हे सत्त्व घातले की खीर कमी दाट होते आणि गोड लागते, असे सासूबाई नेहमी सांगतात. हा तोच प्रकार आहे का?

गोदाकाठ :

अगदी तोच आहे, आणि सासूबाईंचे निरीक्षण शास्त्राला धरून आहे. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. ते स्टार्चचे तुकडे करते, म्हणून खीर पातळ होते आणि गोडी वाढते. भाजणी हलकी ठेवण्याचे कारणही तेच आहे. जास्त भाजले तर विकर मरते.

तुमच्या प्रश्नामुळे गेल्या जानेवारीतला एक प्रयोग सविस्तर लिहिते. यीस्ट न घालता फक्त मॅश करायला नाशिकमध्येही कोणतीच अडचण नाही, कारण वॉर्ट हा निव्वळ धान्याचा गोड रस असतो. जवाला मोड येण्यासाठी १५ अंशांच्या आसपासचा गारवा लागतो आणि तो आपल्याकडे पौष-माघात आयताच मिळतो. मी सालीसकट जव एक किलो आणला. (सोललेला, पॉलिश केलेला जव चालत नाही, त्याला मोड येत नाहीत आणि गाळायला फोलपटेही मिळत नाहीत.) दोन दिवस पाणी बदलत, मध्ये काही तास निथळत भिजवला आणि ओल्या पंचावर पसरून दिवसातून तीनदा हलवत राहिले. पाचव्या दिवशी सालीखालचा कोंब दाण्याच्या पाऊण लांबीइतका झाला. दाणा चिमटीत दाबला की खडूसारखा भुगा व्हायला लागला, तेव्हा तो गच्चीत पंख्याखाली सुकवला आणि मग मुळ्या चोळून काढल्या. त्यातला १०० ग्रॅम लोखंडी कढईत मंद आचेवर परतला. आधी काकडीसारखा कच्चा वास, मग फुटाण्यांचा, मग बिस्किटांचा वास येतो. बिस्किटांच्या वासावर मी कढई उतरवली. आणखी दोन मिनिटे थांबले असते तर कॉफीचा आणि त्यापुढे करपल्याचा वास आला असता.

हे सगळे भरडून ७३ अंशांच्या तीन लिटर पाण्यात कालवले आणि हॉटपॉटमध्ये तासभर ठेवले. सुरुवातीला पिठूळ पाण्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर तो काळानिळा झाला, आणि तासाभराने टाकला तर आयोडीन जसेच्या तसे पिवळसर राहिले. म्हणजे स्टार्च संपला. गाळलेला रस आईला वाटीत दिला. तिने बोट बुडवून चाखले आणि म्हणाली, "ही तर काकवी आहे, पण उसाची नाही, भाकरीची." इतक्या वर्षांत मी वॉर्टचे याहून नेमके वर्णन ऐकलेले नाही.

सातपूरवासी :

कायद्याबाबत एक शंका आहे. स्वतःच्या सेवनाचा परवाना ज्याच्याकडे आहे त्याला थोड्या प्रमाणात घरी करता येत नाही का?

गोदाकाठ :

नाही. सेवनाचा परवाना विकत घेणे, बाळगणे आणि पिणे यांच्यापुरता असतो, निर्मिती ही वेगळी बाब आहे. इथे स्वतः करून पाहायची फार ओढ असेल तर वरचा वॉर्टचा प्रयोग करा. चव घडते कशी हे त्यात पुष्कळ कळते.

मुक्काम_लेस्टर :

ताई, मी नाशिकरोडचा, सध्या लेस्टरला असतो. तुमच्याच प्रमाणाने पहिला घाणा घातला आहे आणि आता अडकलो आहे. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०५० होती. पहिले तीन दिवस फेस भरपूर आला, नंतर बुडबुडे पूर्ण थांबले. आज सातवा दिवस आहे आणि ग्रॅव्हिटी १.०२२ वर स्थिर आहे. बुडबुडे थांबल्यामुळे उद्या बाटल्या भराव्यात असे मनात आहे. डबा गॅरेजमध्ये आहे आणि आठवडाभर बरीच थंडी पडली आहे.

गोदाकाठ :

कृपया उद्या बाटल्या भरू नका. बाटल्या फुटून हात आणि डोळे जखमी होण्याचा धोका आहे, म्हणून हे इतके ठामपणे लिहीत आहे. ग्रॅव्हिटी १.०२२ वरून १.०१२ वर येईल एवढी साखर अजून शिल्लक आहे. बंद बाटलीत यीस्ट जागे झाले तर तो सगळा वायू काचेवर दाब देईल. बुडबुडे थांबले याचा अर्थ किण्वन, म्हणजे यीस्टने साखर आंबवणे, संपले असा होत नाही. ओळीने तीन दिवस ग्रॅव्हिटी बदलली नाही आणि ती अपेक्षित आकड्याजवळ आहे, असे दोन्ही एकदम असेल तरच संपले.

गॅरेजचे तापमान नेमके किती आहे ते कळवा. शिवाय मॅश करताना वापरलेला थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून पाहा. तुमच्याकडे तो १०० दाखवायला हवा (नाशिकमध्ये आपल्या उंचीमुळे ९८ च्या आसपास दाखवेल). तो दोन-तीन अंश कमी दाखवत असेल, तर तुमचा मॅश ६७ ऐवजी ७० अंशांवर झाला असेल आणि मग ग्रॅव्हिटी फारशी खाली येणारच नाही.

मुक्काम_लेस्टर :

थर्मामीटर बरोबर आहे. गॅरेजमध्ये सकाळी १२ अंश होते.

गोदाकाठ :

मग निदान झाले. इंग्लिश एल यीस्टचा स्वभावच असा आहे की गारठले की गोळा होऊन तळाशी बसते. एरवी हा गुण आहे, कारण पेय नितळ होते. अर्ध्या वाटेत बसले तर मात्र दोष ठरतो. डबा घरात आणा, २० अंशांच्या खोलीत ठेवा आणि झाकण न उघडता डबा हलकेच गोल फिरवून तळाचे यीस्ट वर आणा. जोरात घुसळू नका. या टप्प्यावर हवा मिसळली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. चार-पाच दिवस वाट पाहा.

द्राक्षमळा :

आमच्याकडे प्रश्न नेमका उलटा असतो. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि शेवटच्या द्राक्षांच्या वेळी ऊन तापलेले असते. टाक्यांना थंड द्रवाचे आवरण नसते तर किण्वनाची उष्णता आवरता आली नसती. एलमध्ये तापमान वर गेले तर काय होते?

गोदाकाठ :

यीस्ट स्वतः उष्णता निर्माण करते, त्यामुळे डब्यातला वॉर्ट खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम असतो, हे पुष्कळ जण विसरतात. १८ ते २० अंशांवर इंग्लिश यीस्टचा सफरचंद-पेअरसारखा मंद फळगंध येतो आणि तो ब्राउन एलला शोभतो. २४-२५ च्या पुढे घशाला झोंबणारी जड अल्कोहोले तयार होतात आणि दुसऱ्या दिवशी डोके धरते. पहिले तीन दिवस तापमान राखणे सर्वांत महत्त्वाचे आहे. शेवटी दोन दिवस ते एक-दोन अंशांनी वाढवले तर चांगलेच, कारण डायअसिटिल नावाचा लोणकढ्या तुपासारखा वास यीस्ट स्वतःच शोषून घेते.

मुक्काम_लेस्टर :

पाच दिवसांनी ग्रॅव्हिटी १.०१३ झाली आणि नंतर तीन दिवस तिथेच आहे. आता बाटल्या भरू का? साखर किती घालू?

गोदाकाठ :

आता अवश्य भरा. ब्राउन एलला फसफस कमी हवी. जास्त वायू असला की जिभेवर टोचतो आणि माल्टची चव मागे पडते. २० लिटरला ८५ ते ९० ग्रॅम साधी साखर कपभर पाण्यात उकळून, गार करून सगळ्या पेयात एकसारखी मिसळा. प्रत्येक बाटलीत वेगळी चमचाभर घालू नका, त्यात प्रमाण चुकते. बाटल्या दोन आठवडे घरातच ठेवा आणि पुढचे दोन आठवडे गार जागी. पिताना फ्रिजमधून काढून अर्धा तास थांबा. १२ अंशांच्या आसपास तिची चव खुलते.

मुक्काम_लेस्टर :

काल पहिली बाटली उघडली. रंग काळ्या चहासारखा, उजेडात धरल्यावर तांबूस आणि नितळ. फेस बदामी रंगाचा आला आणि बराच वेळ टिकला. पहिल्या घोटाला अक्रोड आणि भाजलेला पाव जाणवला, मग थोडी मनुकांची गोडी. शेवटी मात्र जिभेच्या मागच्या बाजूला कोरडी, किंचित करपट चव राहते. पत्नीच्याही ते लक्षात आले. पुढच्या वेळी क्रिस्टल माल्ट वाढवून ही चव झाकावी का?

गोदाकाठ :

मनापासून अभिनंदन. पहिल्याच घाण्याला फेस आणि नितळपणा दोन्ही मिळणे ही मोठी गोष्ट आहे. क्रिस्टल माल्ट वाढवू नका; करपटपणावर गोडी चढवली तर दोन्ही जाणवत राहतात. निरनिराळ्या माल्टिंग कंपन्यांचा चॉकलेट माल्ट कमी-अधिक गडद असतो, तुमचा माझ्यापेक्षा गडद असावा. पुढच्या घाण्यात तो १२० वरून ९० ग्रॅमवर आणा आणि मॅशमध्ये सुरुवातीला न घालता शेवटची १५ मिनिटे राहिली असताना घाला. बाकी पाणी, यीस्ट, हॉप्स यांतले काहीही बदलू नका, आणि या घाण्याच्या सहा बाटल्या बाजूला ठेवा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून चाखता येतील.